आवाज ऐकल्याबिगर

— नाही जी, फाडून नाही राहिली, पाहून राहिली फक्त. हात काढा तुमचा. द्या इकडं तो फॉर्म. मघापासून तुम्ही कागद अन् मोबाईल, कागद अन् मोबाईल, अशी मान वरखाली करून राहिले ना, तेव्हाच समजली मी — हा माणूस बाहेरदेशी पैसे पाठवायले आला. नाहीतर या चार नंबरच्या खिडकीसमोर कोण बसते? पासबुकवाले तिकडं, पेन्शनवाले त्या कोपऱ्यात, अन् ज्याचं लेकरू परदेशात जाऊन बसलं तो इथं, या लोखंडी खुर्चीवर. हं. आता सांगा मले, हा खात्याचा नंबर तुमाले कोणी दिला? मुलानं. कसा दिला? मोबाईलवर लिहून पाठवला. लिहून! म्हणजे तोंडानं नाही सांगितला. आवाज नाही ऐकला तुम्ही त्याचा. बाप्पा! अन् चालले पाठवायले. किती आहेत — नका सांगू, नका सांगू, इतक्या मोठ्यानं कोणी रक्कम सांगते का बँकेत? तो मागचा टोपीवाला पाहा, कान कसा इकडं झाला त्याचा.

तुमचा टोकन कोणता? सत्तेचाळीस. आता एक्केचाळीस चालू आहे. मंग आहे ना वेळ, बसा निवांत. माहा? आहे माहा पण. माहं नका पाहू, तुमचं पाहा. मलेही आजच पाठवायचे आहेत, दोनच्या आत — दोन वाजता ही खिडकी बंद होते, मंग कोणाचे काही जात नाही. माही पोट्टी तिकडं जॉर्जियाले डॉक्टरकी शिकते, तिसरं वर्ष. तिच्या कॉलेजची थकलेली फी भरायची आज शेवटली तारीख. पैसे पोचायले दोन-चार दिवस लागतात ते त्याहीले माहीत आहे, पण पाठवल्याचा बँकेचा कागद आजच्या तारखेचा पाहिजे. नाही दिला तर नाव काटतात. काटतात म्हणजे काटतातच, हात-पाय जोडून काही होत नाही तिथं. तिथं आपलं कोण आहे?

जयवंता. जयवंता म्हणतात मले. हिंगण्याच्या कंपन्यांमंदी डबे देते मी — पहिल्या शिफ्टचे साठ, दुसऱ्या शिफ्टचे चाळीस, दिवाळीत जराक कमी. चौथी शिकली आहे, उमरेडच्या शाळेत, पण इंग्रजी अक्षरं सबन येतात. डब्यावर कंपनीचं नाव लिहा लागते ना, पोट्टीनंच शिकवली, चुलीजवळ बसून, कोळशानं फरशीवर. तर अडाणी नाही मी. हे आधीच सांगते, कारण पुढं जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही म्हणाल, बाई अडाणी असन म्हणून फसली. नाही. मी हुशार होती म्हणून फसली. अडाणी असती तर कोणाले विचारलं असतं ना!

हो, फसली. मंग काय तुमाले उगाच टोकून राहिली का? मले काय हौस आहे लोकांचे फॉर्म पाहायची? याच खिडकीतून पाठवले, दोन लाख चाळीस हजार, दिवाळीच्या आधी. पोचले नाही. म्हणजे पोचले — पण कॉलेजले नाही पोचले. कोणाले पोचले ते पोलिसालेही नाही माहीत अन् बँकेलेही नाही.

ऐका, कसं झालं ते ऐका, तुमच्या कामाचं आहे. पोट्टीले तिकडं कॉलेजात लावून देणारे एक सर आहेत इथंच नागपुरात, ऑफिस आहे त्याहीचं, काचेचं दार, दारावर घंटी. माणूस चांगला. दोन वर्षं फी भरायची वेळ आली की सरांचा मेसेज ये, हे खातं, एवढे डॉलर, एवढ्या तारखेच्या आत — मी भरो. तिसऱ्या खेपेलेही मेसेज आला. सरांचा फोटो, तोच, कोटवाला. नंबर दुसरा. मी विचारलं, नंबर दुसरा कसा? तर म्हणे, जुना मोबाईल पाण्यात पडला. अन् कॉलेजचं खातंही बदललं म्हणे, त्याहीच्या बँकेत काही तपासणी चालू आहे, म्हणून यावेळी या दुसऱ्या खात्यात भरा, अन् लवकर भरा, परवा पाच टक्के दंड लागते. दंड! बारा हजार होतात जी त्याचे. अन् फोटोचं काय जी, फोटो तर मी तुमचाही लावीन माह्या मोबाईलवर, वामनराव — वामनरावच ना? फॉर्मवर लिहिलं आहे. मौद्याहून आले? विजेच्या प्लान्टात होते का? बॅग तिथलीच दिसून राहिली. तर उद्या मी तुमचा फोटो लावून तुमच्या मुलाले लिहीन, बेटा, पैसे पाठव, अन् तो पाठवेल. तो काही फोटोले बोट लावून पाहणार आहे का?

त्या सरांचं ऑफिस माह्या घराहून पंधरा मिनिटं. पंधरा! गाडीनं दहा. जायचं होतं मले त्या दिवशी. पण दुसऱ्या शिफ्टचे डबे होते, वांगी चिरायची होती, कांताबाई आली नव्हती कामाले. म्हटलं, फोनवर होते तर कायले जा. बस्स. वांगी चिरली मी.

नाही, तसं नाही, मी काही डोळे मिटून नाही पाठवले. हेच तर सांगून राहिली. आमचं घर कोष्ट्याचं. माहेरी चार हातमाग होते उमरेडले. ताणा मोजायचा असला ना — लुगड्याचे उभे धागे, हजारानं असतात, एक इकडचा तिकडं झाला की नऊ वार लुगड्यात ती रेघ दिसते — तर माही माय एकटीनं मोजू देत नसे. दोन बाया बसवे. एकीनं तोंडानं आकडा बोलायचा, दुसरीनं धाग्याले बोट लावायचं. एकटीनं मोजलेला ताणा मोजलाच नाही असं धरे ती, पुन्हा बसवे. तर तीच सवय मले, किराणा असो नाही तर डबे. अन् त्या दिवशीही मी काय केलं? मी त्या मेसेजवाल्याले फोन लावला. उचलला दुसऱ्याच पोट्ट्यानं. म्हणे, सर मिटिंगमंदी आहेत काकू, मी ऑफिसचा नवीन, सांगा. मी म्हटलं, बाबू, तू खात्याचा नंबर बोल, मी फॉर्मवर बोट लावते. तो बोलला. काय गोड बोलला! एकेक आकडा, एकेक अक्षर, थांबून थांबून, "झालं का काकू, पुढं जाऊ का काकू." मी बोट ठेवत गेली. सबन जुळलं. एक आकडा इकडचा तिकडं नाही. मी त्याले वरून आशीर्वाद दिला जी — पोरा, तुहं भलं होवो म्हटलं!

का नाही जुळणार? त्याचाच आकडा अन् त्याचंच तोंड. माही माय जिच्याकडून आकडा बोलवे ती घरची बाई असे. माही काकू, नाहीतर मी. ते मी विसरली. दोन जण पाहिजे एवढं ध्यानात राहिलं, दुसरा कोण पाहिजे ते नाही राहिलं. चोराकडूनच मोजून घेतला मी ताणा.

बेचाळीस लागला. तुमचा अजून आहे, बसा ना. पाणी पाहिजे का? माह्याकडं आहे. नाही? मीच घेते दोन घोट. दहा वाजता शटर उघडलं तेव्हाची बसली आहे मी.

अन् ती पाहा — काचेमागची, निळी ओढणी, चष्मेवाली. तीच होती त्या दिवशी. फॉर्म पाहून म्हणे, "काकू, हे नाव कॉलेजचं नाही आहे, कुठल्या तरी ट्रेडिंगवाल्याचं आहे, अन् बँक पण दुसऱ्याच देशाची आहे. एकदा विचारून घेता का?" किती चांगली बोलली ती पोरगी! अन् मी काय म्हणावं तिले? मी म्हटलं, तुह्या वयाची माही पोरगी डॉक्टर होऊन राहिली, तू मले शिकवते का वं? दोन वर्षं झाले पाठवून राहिली मी, तू तर आता आली या खुर्चीवर. सबन लोकांसमोर. तिनं कागद पुढं केला. सही घेतली माही दोन-तीन जागी — चुकलं तर जिम्मेदारी तुमची, असं लिहिलेल्या कागदावर — अन् पाठवले. बिचारीनं तर दोर टाकला होता, मीच कापला. आज मान वर करून नाही पाहत माह्याकडं. पाहत नाही का लाजते का भेते, काय माहीत.

एकोणीस दिवस. एकोणीस दिवसांनी कळलं. कॉलेजनं पोट्टीले बोलावलं, म्हणे फी नाही आली. पोट्टीनं मले फोन केला. मी म्हटलं, अशी कशी नाही आली, पावती आहे माह्याकडं. सरांकडं गेली — ते काचेचं दार — सर म्हणे, मी तर मेसेजच नाही केला जयवंताबाई. मंग धावली. बँकेत आली, यांनी तिकडच्या बँकेले लिहिलं, पैसे परत करा म्हणून. एकोणीसशे तीस नंबरवर फोन लावला, तो लिहून ठेवा, एक नऊ तीन शून्य, चोरीचे पैसे अडवायचा सरकारी नंबर आहे तो. तिकडली बाई म्हणे, ताई, पहिल्या काही तासांत सांगितलं असतं तर कुठं तरी अडवता आले असते. तासांत! अन् मी एकोणीस दिवस डबे भरून राहिली होती. तिकडल्या बँकेचं उत्तर आलं दीड महिन्यानं — ज्या दिवशी आले त्याच दिवशी खातं रिकामं झालं. संपलं.

म्हणून तुमाले सांगते भाऊ, राग येऊ द्या नाहीतर काही येऊ द्या. पैसे गेल्यावर त्याच दिवशी, त्याच घडीले तिकडच्याले विचारायचं, पोचले का — अन् नाही म्हटला की इथं येऊन टेबल ठोकायचं. खातं बदललं म्हणून कोणी सांगितलं की समजायचं, काहीतरी झोल आहे. घाई कर म्हटलं की मुद्दाम एक दिवस उशीर करायचा. अन् ते दुसरं — "बँकेत कायले जाता, माहा साळा दुबईत आहे, तो तिकडून देतो, तुम्ही मले इथं नगद द्या, भाव चांगला लागेल" — असेही येतात, माह्याकडंही एक आला होता, ताराचंद म्हणून, मी त्याले दारातूनच परत लावला. दोन पैसे वाचतात अन् हातात कागद राहत नाही. कागद नाही तर भांडाल कोणाशी? साळ्याशी?

आता तुम्ही असं करा. मुलाले फोन लावा. आता. मेलबर्नले ना तो, तिथं संध्याकाळ असन, कामावरून आला असन. मेसेज ज्या नंबरवरून आला त्यावर नाही जी! त्याचा तुमच्याजवळचा जुना नंबर, ज्यावर तुम्ही दिवाळीले बोलले, त्यावर. हं. अन् तुम्ही आकडे नका वाचू, त्याले वाचायले लावा. तुम्ही वाचाल अन् तो हो-हो म्हणेल, पोट्टे ऐकत थोडीच असतात. त्याले वाचू द्या, तुम्ही बोट लावा. अन् विचारा, हा घरमालक कोण, खोली तू डोळ्यानं पाहिली का, नाहीतर मोबाईलवर फोटो पाहूनच डिपॉझिट देऊन राहिला. लावा, लावा. मी धरते तुमचा चष्मा.

...

काय म्हणे? पाहिली खोली. आत जाऊन पाहिली, घरमालकाशी बोलला. आकडे जुळले सबन. बरं झालं. हसून राहिला होता ना? मले ऐकू आलं — "बाबा, तुमाले कोणी शिकवलं हे." जितेंद्र नाव का त्याचं? आवाज चांगला आहे. हसू द्या, हसण्याले पैसे नाही लागत. दोन मिनिटं लागली, पाहा घड्याळ, दोन पण नाही. आता तुम्ही बिनधास्त जा खिडकीवर. फक्त एक विचारा त्या पोरीले, बीचमंदी दुसरी बँक पैसे कापते का — कापते कधी कधी, अन् मंग तिकडं वीस-पंचवीस डॉलर कमी पोचतात, घरमालक म्हणतो पूर्ण नाही आले. कापायचे ते इथंच माह्याकडून कापा, असं सांगा. त्रेचाळीस झाला. चव्वेचाळीस. पटापट चालली आता लाईन.

काय? माह्याकडं काय पाहून राहिले? — बत्तीस. बत्तीस आहे माहा टोकन. हो, गेला. गेला मघाशीच. तुम्ही यायच्या आधी. त्याच्या आधी अकरा होता, तोही गेला. संडासाले गेली होती मी. दोन्ही वेळा? हो, दोन्ही वेळा, तुमाले काय करायचं आहे? काढीन ना तिसरा, ती मशीन काय पळून चालली आहे का?

नाही लावला. पोट्टीले नाही लावला फोन. तिची शाळा — कॉलेज असते आता. तिथं आता अकरा वाजले असन, आपल्याहून दीड तास मागं आहे ते. वर्गात असन, दवाखान्यात असन, प्रेतं कापून राहिली असन. खातं आहे माह्याजवळ, हे पाहा, नवऱ्याच्या मोबाईलवर आलं आहे, तिनं त्याहीले लिहून पाठवलं, त्याहीनं मले दिलं. हेमराजचं — नवऱ्याचं — काय आहे, तीस वर्षं पॉवरलूमवर होते, त्या खटखटीत कान गेले. फोनवर त्याहीले ऐकूच येत नाही. बापलेक दिवसभर लिहून लिहून बोलतात. तर आवाजाचं काम माह्याकडंच आहे घरात. ... हो, तेच. आवाज ऐकल्याबिगर पाठवायचे नाही असं मीच म्हटलं. तुमाले म्हटलं ते आठवते मले, लहान पोर नाही मी.

ती नाही उचलणार जी.

दोन महिने झाले. साठ दिवस. नाही, ती नाही रुसली, मी — कसं सांगू. तुम्ही परके आहात म्हणून सांगून राहिली, मौद्याचे, पुन्हा काही भेटणार नाही. त्या चोरट्याले सबन माहीत होतं. तिचं पूर्ण नाव, कॉलेजचा रोल नंबर, पासपोर्टचा नंबर, फी किती, कोणत्या महिन्यात. मी रात्रंदिवस एकच विचार करो, एवढं घरच्याबिगर कोणाले माहीत? अन् तिनं त्याच्या आधी वीस हजार मागितले होते, लॅपटॉपले, मी नाही म्हटलं होतं. अन् बाजूची इंदूबाई येऊन म्हणे, बाहेर गेलेल्या पोरी, कोणाच्या संगतीत असतात, आपल्याले काय माहीत. माह्या डोक्यात ते बसलं. बसलं म्हणजे काय — किडा. एक दिवस तिचा फोन आला, "आई, पोलिसांचं काय झालं?" अन् माह्या तोंडून निघालं. म्हटलं, पोलिस कायले पाहिजे, पैसे तूच खाल्ले. तू अन् तुह्या कोणत्या यारानं मिळून खाल्ले. शंभर डबे भरता भरता हात भाजले माहे, ते पैसे तिकडं उडवले तू.

तिनं फोन ठेवला. मंग बोलणंच बंद.

पंधरा दिवसांनी सरांनी बोलावलं. त्याहीच्या ऑफिसच्या कम्प्युटरमंदी कोणी तरी घुसलं होतं, सबन पोरांचे कागद उचलले. आणखी दोन घरं फसली होती, अशीच, तोच गोड पोट्टा — "पुढं जाऊ का काकू." मंग मले कळलं. कळलं, पण जे बोलली ते कसं परत घेऊ? त्यासाठी कोणती खिडकी आहे? नवऱ्याले तर मी हेही नाही सांगितलं की मी पोरीले असं म्हटलं. ते समजतात, मायलेकी कामात असतात म्हणून बोलत नाहीत. त्याहीनं घरचे चार पॉवरलूम विकले जी, या थकलेल्या फीसाठी. बंदच होते, पण रोज सकाळी फडकं मारत. भंगारवाल्यानं किलोनं नेले. ते हे पैसे आहेत माह्या खात्यात. अन् मी सकाळपासून इथं बसली आहे, अकरा नंबर गेला, बत्तीस गेला, अन् पाय उठून नाही राहिला. उठली अन् हे खातंही खोटं निघालं तर? नवऱ्याचा मोबाईलही कोणी — तुमाले काय वाटते, मी लोकांचे फॉर्म ओढून ओढून वाचते ते काय समाजसेवा म्हणून? रिकामं बसलं की तेच तेच येते डोक्यात, तुमचे आकडे वाचले तर जराक थांबलं.

कुठं चालले? ओ भाऊ. वामनराव! तिकडं कुठं, तुमची खिडकी इकडं आहे ... मशीनवर काय करून राहिले?

हे कायले? माह्यासाठी? अठ्ठावन्न. मी सांगितलं होतं का तुमाले टोकन काढायले? ... बरं, द्या इकडं. शेहेचाळीस झाला, तुम्ही बसा, तुमचा लागेल. बसा म्हटलं. मोबाईल माहाच आहे, पिशवीत आहे. हा. तुम्ही नका दाबू, मीच दाबते. "अपेक्षा" — फोटो पाहा, ही. पांढरा कोट. वाजून राहिली घंटी. नाही उचलणार ती, पाहजा तुम्ही. चार घंट्या वाजल्या. नाही उचलणार, सांगून राहिली ना मी, पोरगी कोणाची आहे —

हॅलो.

कोण म्हणजे? मी. माय बोलून राहिली तुही. ... काही नाही झालं. बाबा बरे आहेत, कोणी मेलं-बिलं नाही. बँकेत आहे मी. फी भरून राहिली. तुह्या कॉलेजच्या खात्याचा नंबर वाच. ... मेसेज आहे, मले माहीत आहे मेसेज आहे, तुह्या तोंडून पाहिजे. तू बोल, मी बोट लावते. वाच. ... काहून नाही? ... आधी काय सांगू? ... आता? इथं? अपेक्षा, पन्नास माणसं बसून आहेत इथं. घरी गेल्यावर — ठेवू नको. ठेवू नको वं! ऐक. ... नाही. नाही खाल्ले. ... नाही खाल्ले तू. ... आता ऐकू नाही आलं म्हणजे? मी काय बाबासारखी बहिरी — बरं. बरं. घे.

माह्या पोरीनं पैसे नाही खाल्ले! एक रुपया नाही खाल्ला! मी पाठवले चोराले, माह्या हातानं, ही चष्मेवाली पोरगी नको म्हणत होती तरी पाठवले, अन् आळ लेकीवर घेतला! — ओ गार्डसाहेब, फोनवर आहे मी, दिसत नाही का? बोलू नका मंधात! — ऐकलं? सबन बँकेनं ऐकलं, मॅनेजर बाहेर आला. आणखी मोठ्यानं पाहिजे का?

रडू नको. ए, रडू नको. रडत रडत वाचशील तर आकडा चुकशील. नाक पूस. मी कुठं नाही चालली, बसली आहे. ... हं. ... हो, जेवली. ... नाही जेवली, खोटं कायले बोलू. ...

तुम्ही काय पाहून राहिले भाऊ? सत्तेचाळीस लागला तिकडं, ती पोरगी बोलावून राहिली. उठा. फॉर्म घ्या तुमचा. जा म्हटलं ना, मायलेकी बोलून राहिल्या इथं.